घरमालकाच्या खोलीतला तक्ता

१

शनिवारी सकाळी अर्धं शहर तोंड धुता धुता डोळे चोळू लागलं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा असा भपकारा होता की लोकांनी भरलेल्या बादल्या मोरीत ओतून दिल्या. नऊपर्यंत जलशुद्धीकरण केंद्राचे फोन खणखणून दमले आणि साडेनऊला अधीक्षकांनी पुरवठाच बंद केला. सहा तास शहरातले सगळे नळ कोरडे.

कारण दुपारीच कळलं. पाण्यात किती क्लोरीन सोडायचं हे एक कॉम्प्युटर ठरवायचा, त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ‘मात्रा’. दोन नंबरचा सेन्सर म्हातारा झाला होता. पाण्यात असेल त्याहून कमीच क्लोरीन दाखवायचा. त्याची ही खोड भरून काढायला चाळीस ओळींचा एक सुधारणा-तक्ता होता. सेन्सर अमुक म्हणाला तर खरं तमुक समज, एवढंच त्यात लिहिलेलं. तो तक्ता कॉम्प्युटरवरून नाहीसा झाला होता. तक्ता नाही म्हटल्यावर मात्राने म्हाताऱ्याचा शब्द प्रमाण मानला आणि क्लोरीन ओतत सुटली. तेव्हापासून कामगार दर तासाला पाणी हाताने तपासून क्लोरीन सोडत होते.

तक्ता कुणी उडवला, याचा निकालही लगेच लागला. कॉम्प्युटर विभागात एक इंजिनीअर मुलगी होती, चौदा महिन्यांपूर्वी लागलेली. तिला अजून सगळे ‘नवी’च म्हणत. शुक्रवारी दुपारी पूर्ण अधिकाराने त्या कॉम्प्युटरवर काम केलेली ती एकटीच. पुढच्या महिन्यात तिची नोकरी कायम व्हायची होती. त्याऐवजी हातात निलंबनाचं पत्र पडलं. सोमवारी चार वाजता चौकशी समिती बसायची होती, आणि समितीला बाहेरच्या जाणकाराची एक सही हवी होती.

म्हणून सोमवारी सकाळी बाईंना फोन गेला. बाई म्हणजे या विभागाच्या आधीच्या प्रमुख, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. तो कॉम्प्युटर त्यांनीच उभा केलेला.

“अहवाल तयार आहे, बाई,” अधीक्षक म्हणाले. “तुम्ही फक्त सही करायची.”

“साहेब, वाचल्याशिवाय मी वाण्याच्या यादीवरही सही करत नाही,” बाई म्हणाल्या आणि चष्म्याची पेटी पर्समध्ये टाकून निघाल्या.

२

नवी संगणक कक्षाबाहेरच्या बाकावर बसली होती. आत जायची तिला बंदी होती. रडून झालेलं दिसत होतं. आता ती नुसती ताठ बसून होती, आणि बाईंना ते आवडलं.

“तू तक्ता उडवलास?” बाईंनी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही.

“नाही.”

“अहवालात लिहिलंय, जुना सेन्सर बदला म्हणून तू तुझ्या साहेबांशी भांडली होतीस. तक्ता उडवला की सेन्सर नालायक ठरतो. म्हणजे तुझंच म्हणणं खरं ठरतं.”

“भांडले होते, आणि आजही तेच म्हणेन. पण त्यासाठी लोकांच्या पाण्यात विष कालवीन का मी? माझे आईबाबा तेच पाणी पितात.”

“शुक्रवारी काय केलंस?”

“मात्राची नवी आवृत्ती चढवली. सुरक्षेसाठी सगळे प्रोग्रॅम अपडेट करा, असं परिपत्रक होतं. आमचे विभागप्रमुख साहेब रजेवर होते, म्हणून अधीक्षकांनी मला लेखी आदेश दिला. चार वाजून दहा मिनिटांनी कंपनीचं पॅकेज उतरवलं, पाच मिनिटांत चढलं, मात्रा पुन्हा सुरू झाली. बास.”

“याआधी मात्रा अपडेट केव्हा झाली होती?”

“कधीच नाही. दोन वर्षं कंपनीने नवं काही काढलंच नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी काढलं, तर साहेब म्हणाले, चालतंय ते चालू द्या, मात्राला हात लावायचा नाही. का, ते नाही सांगितलं.”

“आणि तक्ता?”

“बाई, मी तो तक्ता डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नाही. एटसीत, म्हणजे सेटिंग्जच्या फोल्डरात आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका, एवढंच मला सांगितलं होतं. मी गेले नाही.”

बाई उठल्या. निष्पाप माणसं घाईने खूप बोलतात, हे त्यांना माहीत होतं. खोटारडीही तसंच बोलतात, हेही माहीत होतं. पण ‘का, ते नाही सांगितलं’ हे वाक्य त्यांच्या डोक्यात अडकून बसलं.

३

विभागप्रमुखाला सगळं कार्यालय पाठीमागे ‘कार्बन’ म्हणायचं. कार्बन पेपरच्या जमान्यापासून त्याला प्रत्येक कागदाची एक प्रत मागे ठेवायची सवय. भिंतीला टेकून तीन कपाटं उभी होती आणि तिन्ही फुगलेली. तो बाईंच्याच हाताखाली तयार झालेला. त्या आत येताच खुर्ची सोडून उभा राहिला.

“बसा, बाई. तुम्हाला नाहक त्रास.”

“त्रास होतोय की नाही ते चार वाजता सांगते. तक्ता कुठे होता?”

“एटसीत. स्वतः ठेवला होता मी.” तो हसला. “तुमचंच शिक्षण. आठवतं? भाड्याच्या घराचं उदाहरण?”

बाईंना आठवत होतं. प्रत्येक नव्या माणसाला त्या तेच सांगायच्या. आपल्या कॉम्प्युटरवरची लिनक्स यंत्रणा म्हणजे भाड्याने दिलेलं घर समज. यूएसआर नावाचा फोल्डर ही घरमालकाची खोली. कंपनीचं पॅकेज हाच घरमालक; तो आपला प्रोग्रॅम आणि त्याचं सामानसुमान तिथे लावतो, आणि नवी आवृत्ती आली की जुनं उचलून, कुणालाही न विचारता नवं ठेवतो. त्या खोलीत यूएसआर-लोकल नावाचा एक माळा फक्त तुला दिलाय, तिथे तो फिरकत नाही. एटसी हे भाडेकरूचं कपाट. तुझ्या मर्जीच्या सेटिंग्ज तिथे. त्यात तू फेरफार केला असशील तर मालक न विचारता त्यावर आपलं काही ठेवत नाही. आणि व्हारमध्ये रोजच्या नोंदी, रोजची राख. आपलं काहीही घरमालकाच्या खोलीत ठेवायचं नाही, हे त्या टेबलावर बोट आपटून सांगायच्या.

“म्हणजे अपडेटने तक्ता जायचं कारणच नाही,” कार्बन म्हणाला. “एटसीतली आपली फाइल पॅकेज कशाला उचलेल? कुणीतरी मुद्दाम पुसली. तिच्याशिवाय कोण होतं?”

बोलणं चोख होतं. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

“ठीक. तक्त्याची कागदी प्रत दे. निदान मात्रा तरी पूर्ववत करू.”

कार्बनने कपाटांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पेनाकडे.

“ती... सापडत नाहीये, बाई. नेमकी तीच.”

तीन कपाटं भरून प्रती ठेवणाऱ्या माणसाकडे शहराच्या पाण्याच्या तक्त्याची प्रत नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होतं एवढं नक्की, आणि घड्याळात साडेअकरा वाजले होते.

४

उरला टायवाला. हा सेन्सर विकणाऱ्या कंपनीचा माणूस, याच वर्षी येऊ लागलेला. शुक्रवारी दुपारी अर्धा तास तो संगणक कक्षात बसलेला, हे दारावरच्या वहीतच होतं. जुना सेन्सर बदनाम झाला तर फायदा कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“माझ्यावर कसलं बालंट आणताय, मॅडम?” तो आधीच घामाघूम. “मी चहा पीत बसलो होतो. माझ्याकडे साधा पासवर्ड नाही. त्या मुलीनेच मला खुर्ची दाराजवळ ओढायला लावली, पडदा दिसू नये म्हणून.”

“ती काम करताना काही बोलली?”

“स्वतःशीच. ‘एकही प्रश्न न विचारता चढलं, बरं झालं’ म्हणाली. मी म्हटलं, मशीन प्रश्न विचारतं होय? तर म्हणाली, सेटिंगची फाइल आपण बदललेली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदलली असेल, तर विचारतं: तुमची ठेवू की आमची? मी आपला मान डोलावली. मला काय कळतंय त्यातलं.”

टायवाल्याला पूर्ण अधिकार नव्हता, आणि पूर्ण अधिकाराशिवाय ना एटसीतलं पान हलतं, ना यूएसआरमधलं. बाईंनी त्याला मनातल्या मनात सोडून दिलं.

त्या संगणक कक्षात येऊन बसल्या. रोज संध्याकाळी एटसी, व्हार आणि माणसांच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर जायची. यूएसआरची नाही, ते सामान पॅकेजमधून केव्हाही परत मिळतं, म्हणून प्रत ठेवायची नाही, असा नियम बाईंनीच केला होता. दर महिन्याची पहिली प्रत तीन वर्षं जपली जायची.

त्यांनी गुरुवारची प्रत उघडली. तक्ता अजून कुणी पुसलेला नव्हता, तेव्हा तो एटसीत असायलाच हवा.

एटसीत तक्ता नव्हता.

मागच्या महिन्याची प्रत. नव्हता. सहा महिन्यांपूर्वीची, वर्षापूर्वीची, दीड वर्षापूर्वीची. एकाही प्रतीत नव्हता. एटसीत जो कधी नव्हताच, तो तिथून कुणी पुसणार कसा?

कार्बन खोटं बोलत होता. वीस वर्षं बाईंनी त्याला धाकट्या भावासारखं वागवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

५

दोन वर्षं सेन्सरची खोड बिनबोभाट भरून निघत होती, म्हणजे तक्ता कुठेतरी होता आणि मात्रा तो वाचत होती. तो कुठून वाचत होती?

एटसीत मात्राची सेटिंगची फाइल होती. तीत एक ओळ होती, तक्ता कुठला वाचायचा ते सांगणारी. ती कोरी होती. शेवटचा बदल मात्रा बसवली त्या दिवशीचा. ओळ कोरी असेल तर मात्रा पॅकेजबरोबर आलेला स्वतःचा तक्ता वाचते.

लिनक्सवर चढलेलं प्रत्येक पॅकेज आपण कुठे काय ठेवलं याची यादी ठेवतं, आणि विचारलं की मुकाट सांगतं. बाईंनी मात्राला विचारलं. यादी आली: प्रोग्रॅम यूएसआर-बिनमध्ये, सेटिंग एटसीत, आणि मूळ तक्ता यूएसआर-शेअरमधल्या ‘मात्रा’ नावाच्या फोल्डरात. तो तक्ता नव्या कोऱ्या सेन्सरसाठीचा.

म्हणजे कुणीतरी दोन वर्षांपूर्वी त्या मूळ तक्त्यातच आकडे बदलले होते. घरमालकाच्या खोलीत, त्याच्याच खुर्चीवर आपली गादी घातली होती. शुक्रवारी घरमालक आला, गादी उचलून फेकली, आपली खुर्ची जशी होती तशी लावली आणि गेला. कुणाला विचारलं नाही, कारण त्या खोलीत तो कधीच विचारत नाही. नवीने काही पुसलं नव्हतं. तिने आदेशाप्रमाणे फक्त दार उघडलं होतं.

पण हे सिद्ध कसं करायचं? जुने आकडे तर गेले.

बाईंनी तो फोल्डर उघडला. यादीप्रमाणे त्यात एकच फाइल हवी होती. होत्या दोन. दुसरीचं नाव अगदी पहिलीसारखंच, फक्त शेवटी एक वेलांटीसारखं शेपूट. ही फाइल कुणाची, असं बाईंनी यंत्रणेला विचारलं. उत्तर आलं, कुठल्याच पॅकेजची नाही. घरमालक स्वतःचं सामान बदलतो. जे त्याच्या यादीत नाही, त्याला तो हात लावत नाही.

ही शेपटाची फाइल ठेवतो एक विशिष्ट एडिटर, म्हणजे फाइलीत लिहायचा प्रोग्रॅम. फाइल नव्याने उघडून पुन्हा जतन केली की मागची प्रत शेपूट लावून बाजूला ठेवतो. बाईंनी जन्मात तो वापरला नव्हता. त्यांचा एडिटर असं काही मागे ठेवत नसे. प्रत मागे ठेवल्याशिवाय चैन न पडणारा माणूस या विभागात एकच होता.

फाइलीत चाळीस ओळी होत्या. वेळ होती दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारची, सकाळी अकरा वीस. नवीला लागून चौदाच महिने झालेले.

सुटलं, असं बाईंना वाटायला हवं होतं. पण ती तारीख त्यांना टोचत होती. त्या मंगळवारी त्या कुठे होत्या?

६

त्यांनी मोठ्या बहिणीला फोन लावला.

“ताई, तुझं ऑपरेशन कधी झालं गं?”

“कुठलं? गुडघ्याचं की पित्ताशयाचं? माझं शरीर आहे की गॅरेज, कुणी विचारलं तर मलाच...”

“पित्ताशयाचं. तारीख सांग.”

ताईने तारीख सांगितली, वार सांगितला, डॉक्टर उशिरा आला तेही सांगितलं. “आणि तू सारखी बाहेर पळत होतीस. मी इकडे मरणाच्या दारात आणि तुझं आपलं ऑफिसचा फोन, ऑफिसचा फोन.”

बाईंनी फोन ठेवला. दवाखान्याचा तो लांब व्हरांडा त्यांना लख्ख आठवला. कानाला फोन, पलीकडे कार्बनचा घाबराघुबरा आवाज: सेन्सर कमी दाखवतोय, क्लोरीन वाढत चाललंय, आकडे काढलेत, मूळ तक्त्यातच टाकू का? आणि त्यांचा स्वतःचा आवाजही आठवला, जसाच्या तसा.

‘सध्या तिथेच टाक. उद्या आले की नीट लावू.’

त्या अकरा दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा निवृत्तीला महिना उरला होता आणि मात्रा सुरळीत चालली होती.

तीन वाजायला आले होते. अहवालावर सही करून घरी जायला बाईंना कुणी अडवलं नसतं. ती शेपटाची फाइल कुणाला दिसली नसती. त्या उठल्या आणि थेट कार्बनच्या खोलीत गेल्या.

“यूएसआर-शेअर,” त्या म्हणाल्या. “मंगळवार, अकरा वीस. आणि मी दवाखान्यात.”

कार्बनचा चेहरा उतरला. त्याने खालचा खण उघडून एक कागद पुढे केला. तक्त्याची छापील प्रत. वर त्याचं नाव आणि खाली फाइलीचा पूर्ण पत्ता छापलेला. त्या पत्त्यापायीच प्रत ‘सापडत नव्हती’.

“आकडे टाकले आणि अर्ध्या तासाने पुन्हा उघडून वर माझं नाव घातलं,” तो म्हणाला. “मला वाटलं, एवढं जोखमीचं काम, कुणी केलं ते दिसावं.”

“म्हणून तर मागची प्रत राहिली. तुझ्या हौसेनेच तक्ता वाचवला. आणि दोन वर्षांत तो हलवला का नाहीस?”

“आज करू, उद्या करू... मग भीती वाटायला लागली. हलवताना बिघडलं तर? म्हणून अपडेटच नको म्हणत राहिलो.”

“आणि खापर त्या पोरीवर?”

“बाई, तुमचं नाव मध्ये यायला नको होतं मला. खरंच सांगतो. ती लहान आहे, तिला दुसरी नोकरी मिळेल. आपलं या वयात नाव गेलं की...”

“माझं नाव वाचवायला तू तिचं खर्च केलंस?” बाईंचा आवाज चढला. “मला विचारलंस? मी दिलं असतं का तुला? चल. चारला समिती बसतेय. तिलाही आत बोलव.”

७

समितीसमोर बाईंनी सगळं क्रमाने मांडलं: गुरुवारची प्रत, कोरी ओळ, पॅकेजची यादी, शेपटाची फाइल. छापील कागद आणि फाइल शेजारी ठेवून चाळीसच्या चाळीस आकडे जुळवून दाखवले.

“हे सगळं तर्काने ठीक,” अधीक्षक म्हणाले. “पण पॅकेजनेच पुसलं, हे डोळ्यांनी दिसायला हवं.”

“दिसेल. नवी, बस इथे.”

नवी कॉम्प्युटरपुढे बसली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे तिने क्लोरीनचा पंप हाताच्या ताब्यातच ठेवला. मग वाचवलेला तक्ता एटसीत नीट ठेवला आणि सेटिंगच्या कोऱ्या ओळीत त्याचा पत्ता लिहिला. दुसरी प्रत, मुद्दाम, यूएसआर-शेअरमध्ये जुन्या जागी ठेवली.

“आता मात्राचं पॅकेज पुन्हा चढव. शुक्रवारी केलंस तसंच.”

नवीचं बोट बटणावर थबकलं. तीन दिवसांपूर्वी हेच बटण दाबून तिचं सगळं गेलं होतं.

“दाब,” बाई म्हणाल्या. “मी आहे इथे.”

तिने दाबलं. पाच मिनिटांत पॅकेज चढलं. मग नवीने दोन्ही तक्ते उघडले. यूएसआर-शेअरमधले आकडे कंपनीचे होते, कोरे करकरीत. एटसीतल्या तक्त्याच्या चाळीसही ओळी जागच्या जागी होत्या. पडद्यावर दोन नंबरच्या सेन्सरचा सुधारलेला आकडा आला. पाणी हाताने तपासणाऱ्या कामगाराने फोनवर सांगितलेला आकडाही तोच होता.

अधीक्षकांनी निलंबनाचं पत्र ओढून घेतलं आणि त्यावर ‘रद्द’ लिहून सही केली. मग कार्बनकडे पाहिलं. “म्हणजे दोषी तुम्ही.”

कार्बनने मान खाली घातली. दवाखान्यातल्या फोनबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

“अर्धा,” बाई म्हणाल्या. “त्याने तक्ता तिथे ठेवला आणि नंतर खोटं बोलला, हे त्याचं. पण ‘सध्या तिथेच टाक, उद्या नीट लावू’ असं त्याला सांगणारी मी. नियम शिकवणारीही मी, आणि मोडायला सांगणारीही मीच. अहवालात माझं नाव घाला. मग मी सही करते.”

अधीक्षकांनी दोन्ही नावं लिहिली, आणि बाईंनी वाचून, चष्मा सावरून, सही केली.

सगळे पांगले. सहा वाजत आले होते. नवी अजून कॉम्प्युटरपुढेच होती, डोळे सुजलेले आणि चेहरा उजळलेला.

“बाई,” ती म्हणाली, “तक्ता कुठे ठेवलाय आणि का, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं. पुढच्या माणसासाठी. आज खूप उशीर झालाय, उद्या सकाळी आल्या आल्या...”

बाई दारातून परत फिरल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि शेजारची खुर्ची ओढली.

“आत्ता,” त्या म्हणाल्या. “लिही. मी बसते.”